गेमिंग पीसीचं कोटेशन कसं वाचायचं? वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं गेमिंग पीसीची आहेत, सगळ्यांचं बजेट टाइट आहे आणि जवळजवळ प्रत्येकाने दुकानातलं कोटेशन सोबत जोडलंय. ती सगळी कोटेशनं मी दोन रात्री बसून वाचली. बहुतेकांत चूक एकच आहे, जो पार्ट सांगताना भारी वाटतो त्यात पैसे घातलेत आणि जो पार्ट काम करतो तिथे कापलेत. सहा पत्रं निवडलीत, बाकीच्यांनी आपलं उत्तर यातच शोधा.

प्रश्न : मी सांगलीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मॉनिटर माझ्याकडे आहे, फुल एचडी. बाबांनी पीसीसाठी ७५ हजार द्यायचं कबूल केलंय. दुकानदाराने दिलेलं कोटेशन : आय७-१२७००एफ, एच६१० बोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम (एकच स्टिक), आरटीएक्स ३०५० ६ जीबी, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी, लिक्विड कूलर, चार फॅनचं आरजीबी कॅबिनेट ‘५०० वॅट एसएमपीएससकट’. एकूण ७८ हजार. काउंटर स्ट्राइक २, जीटीए ५ आणि सायबरपंक खेळायचंय, ब्लेंडर पण शिकायचंय. घेऊ का?

उत्तर : नको घेऊस मित्रा, निदान असं तरी नको. दुकानदार फसवतोय असं मी म्हणत नाही, गिऱ्हाईक आत आलं की पहिला प्रश्न ‘आय७ आहे का’ असाच विचारतं, मग तोही आय७ लिहून देतो. पण गेम खेळताना स्क्रीनवर जे चित्र दिसतं ते काढायचं काम ग्राफिक्स कार्डाचं, आणि तुझ्या यादीत सगळ्यात दुबळी वस्तू तीच आहे.

आरटीएक्स ३०५० या एका नावाखाली दोन वेगळी कार्डं विकली जातात. ८ जीबीवाल्यात २५६० कोअर (हिशेब करणारे छोटे भाग) आणि १२८ बिटचा मेमरी बस (मेमरीकडे जाणारा रस्ता), ते १३० वॅट खातं. ६ जीबीवालं फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं, त्यात २३०४ कोअर, ९६ बिटचा बस आणि ७० वॅट. म्हणजे फक्त दोन जीबी मेमरी कमी असं नाही, कार्डच खालच्या दर्जाचं आहे, आणि खोक्यावर नाव मात्र तेच. हे कार्ड वाईट नाही हं, त्याची एक खास जागा आहे, ती खाली तिसऱ्या पत्रात सांगतो. पण नव्याने असेंबल होणाऱ्या ७५ हजारांच्या पीसीत ते बसवायचं काहीच कारण नाही.

आता आय७ काढ आणि आय५-१२४००एफ घाल. सहा कोअर, बारा थ्रेड, जानेवारी २०२२ चा प्रोसेसर आहे, जुना वाटेल, पण फुल एचडीवर या बजेटच्या कार्डाला तो पुरून उरतो. बॉक्स पॅक घेतलास तर कूलर आतच मिळतो, ट्रे पीस (खोक्याशिवाय सुटा) घेतलास तर कूलर नाही आणि वॉरंटीचाही घोळ, त्यामुळे बॉक्सच माग. आय७ ची आणखी एक गोष्ट अशी की १२७००एफ पूर्ण जोरात १८० वॅटपर्यंत ओढू शकतो आणि साध्या एच६१० बोर्डाच्या पॉवर सेक्शनला ते फार वेळ झेपत नाही, बोर्ड तापतो, मग प्रोसेसर स्वतःच स्पीड खाली आणतो. म्हणजे आय७ चे पैसे देऊन चालवणार आय५ सारखाच. लिक्विड कूलर तर सरळ काढून टाक, १२४००एफला त्याची गरज नाही, ते पैसे कार्डात जाऊ देत.

वाचलेल्या पैशांत आरटीएक्स ४०६० किंवा ५०६० बसतंय का बघ, त्या दिवशी जे परवडेल ते. दोन्ही ८ जीबीची आहेत, पण ३०५० ६ जीबीच्या जवळजवळ दुप्पट काम ४०६० करतं. फक्त गेमिंग असतं तर मी एएमडीची रेडिऑन कार्डं पण सुचवली असती, आरएक्स ६६०० अजून मिळालं तर कमी पैशात फुल एचडीला छान आहे, पण तुला ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर शिकायचंय आणि त्यात तयार चित्र काढताना, म्हणजे रेंडरिंगमध्ये, एनव्हिडियाचं ऑप्टिक्स हे तंत्र फार उपयोगी पडतं, पुढे मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट आला तर कुडा (कार्डावर हिशेब चालवायची एनव्हिडियाची प्रणाली) लागेलच. म्हणून तुझ्यासाठी एनव्हिडिया. ८ जीबीची मर्यादा आत्ताच सांगून ठेवतो, नव्या मोठ्या गेममध्ये टेक्स्चर ‘अल्ट्रा’वर ठेवलंस तर मेमरी भरेल आणि अडखळेल, एक पायरी खाली ये, डोळ्यांना फरक कळत नाही.

रॅम एकच स्टिक नको, ८-८ च्या दोन घे. दोन स्टिक असल्या की प्रोसेसर दोन चॅनेलमधून एकदम डेटा घेतो, एकात निम्मा रस्ता बंद. स्टिक दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये (प्रोसेसरकडून मोजायचं) आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिचा पूर्ण स्पीड देणारं सेटिंग, चालू करायचं, नाहीतर ३२०० ची रॅम कमी स्पीडवर चालत राहते आणि वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. बोर्ड बी६६० किंवा बी७६० चा, डीडीआर४ वाला, चार स्लॉटचा बघ. कारण रॅम सध्या महाग आहे. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत भाव जे चढले त्याचं मूळ एआयच्या डेटासेंटरमध्ये आहे, मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी माल तिकडे वळवला, मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा आपल्यासारख्या गिऱ्हाइकांचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. म्हणून आत्ता १६ वर थांब, दोन स्लॉट रिकामे ठेव, भाव उतरले की भर. रॅम ही सेकंडहँड घ्यायला सगळ्यात कमी धोक्याची वस्तू आहे, त्यात फिरणारं घासणारं काही नसतं, फक्त घेताना मेमटेस्ट हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर लावून एक फेरी पूर्ण करून बघायची.

आणि आता ज्याच्यासाठी मी एवढं लांब उत्तर लिहितोय ते, ‘कॅबिनेटसोबत ५०० वॅट एसएमपीएस’, म्हणजे सगळ्या पार्टांना वीज पुरवणारा डबा. हे कृपया करू नकोस. २०१६ च्या पावसाळ्यात माझ्याच घरात असली एक फुकटात आलेली एसएमपीएस फटाक्यासारखी उडाली, जाताना बोर्ड आणि हार्डडिस्क दोन्ही घेऊन गेली, हार्डडिस्कमध्ये बहिणीच्या लग्नाचे सगळे फोटो होते, ते परत मिळाले नाहीत. लेबलवर ५०० लिहायला काही लागत नाही, आतली तार, कपॅसिटर आणि संरक्षणाचं सर्किट त्या ताकदीचं असावं लागतं. तुझं गणित बघ, प्रोसेसर जास्तीत जास्त ११७ वॅट, ४०६० घेतलंस तर ११५, बोर्ड-रॅम-एसएसडी-फॅन मिळून ५० धर, तीनशेच्या आतच. म्हणजे फार मोठी एसएमपीएस घ्यायची गरजच नाही, चांगल्या ब्रँडची ५५० वॅटची ‘८० प्लस ब्रॉन्झ’ पुरते. ‘८० प्लस’ हा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, संरक्षण कसंय ते नाही, त्यामुळे शिक्क्याबरोबर वॉरंटी किती वर्षांची आहे ते बघ, पाच वर्षं लिहून देणारी कंपनी बहुधा आत पण नीट माल घालते. कॅबिनेट साधं, पुढे जाळी असलेलं. पुढे काच असली की हवा आत येणार कुठून?

प्रश्न : ‘कोअर आय७, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स, गेमिंग कॅबिनेट, सगळं फक्त २४ हजार’ अशी जाहिरात बघितली. एवढ्या कमी पैशात आय७ कसा काय? (वाचक, अकोला)

उत्तर : कारण ‘आय७’ नुसतं मालिकेचं नाव आहे, पुढचा आकडा जाहिरातीत गाळलाय. फोन करून पूर्ण नंबर विचारा. बहुतेक वेळा आय७-२६०० किंवा ३७७० असतो, म्हणजे २०११-१२ चा, ऑफिसातून निघालेला, डीडीआर३ रॅमवर चालणारा. आजचा चार कोअरचा आय३-१२१००एफ त्याला गेममध्ये आरामात मागे टाकतो. ४ जीबी ग्राफिक्स म्हणजे बऱ्याचदा जीटी ७३०, ते २०१४ चं, त्यावर मेमरी ४ असो की ८, ताकद तेवढीच.

त्याहून मोठी अडचण अशी की विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (बोर्डातल्या सुरक्षेच्या सोयी) मागतो, ते या बोर्डांवर मिळणार नाही. घरात शाळेच्या कामाला, पिक्चर बघायला ठीक, पण मग त्याचे २४ हजार देऊ नका.

सेकंडहँड कार्ड सुटं घेत असाल तर एक नाव लक्षात ठेवा, आरएक्स ५८० २०४८एसपी. नाव ५८० चं पण कोअर ५७० एवढेच. विकणाऱ्याकडे बसून जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर लावा, अर्धा तास गेम चालवा, तापमान बघा, मगच पैसे.

प्रश्न : आमच्या ऑफिसने जुने पीसी काढले, मला डेलचा छोटा आडवा ऑप्टिप्लेक्स मिळाला, आय५-८५००, ८ जीबी रॅम. यात ग्राफिक्स कार्ड टाकून मुलाला गेम खेळता येतील का? खर्च २५ हजारांच्या आत. (वाचक, ठाणे)

उत्तर : येतील, आणि मला हा प्रश्न फार आवडला, कारण चांगली वस्तू भंगारात जाण्यापासून वाचतेय. सहा कोअरचा २०१८ चा प्रोसेसर आहे, विंडोज ११ च्या यादीत बसतो.

फक्त दोन अडचणी. कॅबिनेट अर्ध्या उंचीचं आहे म्हणून कार्ड लो प्रोफाइल लागेल, आणि आतली एसएमपीएस दोनशे वॅटच्या आसपासची, तिला ग्राफिक्स कार्डाची वेगळी वायर नाही. बाजारातली नेहमीची एसएमपीएस त्यात बसत नाही, पिना वेगळ्या असतात, तेव्हा ती बदलायच्या नादाला लागू नका. मदरबोर्डचा स्लॉट स्वतः ७५ वॅटपर्यंत देऊ शकतो, त्यावरच चालणारं कार्ड हवं. मघाशी ज्याला सांगलीच्या मुलाच्या यादीतून काढलं ते आरटीएक्स ३०५० ६ जीबी इथे अगदी चपखल बसतं, ७० वॅट, वेगळी वायर नको, लो प्रोफाइलमध्येही मिळतं. खोक्यावर ‘लो प्रोफाइल’ लिहिलेलं आणि आत छोटी पट्टी आहे ना ते बघूनच घ्या. दुकानदार स्वस्तातलं आरएक्स ६४०० दाखवेल, पण ते कार्ड बोर्डाशी फक्त चार लेनवर (डेटाच्या वाटांवर) बोलतं आणि तुमच्या बोर्डाचा कार्डाचा स्लॉट जुन्या, पीसीआयई ३.० प्रकारचा, म्हणजे त्याचा घसा निम्म्यावर आवळला जातो. नव्या बोर्डावर ठीक, तुमच्या नाही. रॅम आणखी ८ घाला, उरलेल्या पैशात एसएसडी नसेल तर एसएसडी.

प्रश्न : १६५ हर्ट्झचा मॉनिटर घेतला पण जुन्या ६० च्या मॉनिटरपेक्षा काहीच वेगळं वाटत नाही. पैसे वाया गेले का? (वाचक, पणजी)

उत्तर : नाही गेले. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्डमध्ये जा, रिफ्रेश रेट अजून ६० वरच असणार, तो १६५ करा. तिथे १६५ दिसतच नसेल तर वायर बदला, जुनी एचडीएमआय काढून डिस्प्लेपोर्ट लावा, आणि वायर मदरबोर्डला नाही तर ग्राफिक्स कार्डाला लावलीय ना ते बघा, ही चूक फार जण करतात.

प्रश्न : नवा पीसी असेंबल केला, सगळं चालतं, पण अनवाणी पायांनी कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. दुकानदार म्हणतो स्टॅटिक आहे, दुर्लक्ष करा. आमचं गाव लातूरजवळ, घर जुनं आहे. लाइट पण येते-जाते, यूपीएस ६०० व्हीएचा घेतलाय, गेम चालू असताना लाइट गेली की पीसी सरळ बंद होतो.

उत्तर : दुर्लक्ष अजिबात करू नका. हे स्टॅटिक नाही, स्टॅटिकचा एकदाच चटका बसतो, सतत झिणझिण्या येत नाहीत. तुमच्या घरात अर्थिंग नाही किंवा कुठेतरी तुटलंय.

एसएमपीएसच्या आत, वीज जिथे शिरते तिथेच, गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याला आणि एक न्यूट्रलकडून पत्र्याला जोडलेला. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा किंचित करंट जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटचा पत्रा दोघांच्या मध्ये लोंबकळत राहतो, २३० च्या निम्म्यावर, साधारण ११५ व्होल्टवर. करंट अगदी कमी म्हणून नुसत्या झिणझिण्या. म्हणजे एसएमपीएस बिघडलीय असं नाही, चांगल्यातली चांगली एसएमपीएस पण अर्थिंगशिवाय हेच करेल. पण उद्या आत कुठे इन्सुलेशन फाटलं आणि फेज सरळ पत्र्याला टेकली तर त्या करंटला जायला तुमच्या अंगाशिवाय दुसरी वाट नाही. शिवाय टीव्ही, स्पीकर असं काही जोडताना या व्होल्टच्या फरकामुळे करंट पोर्टमधून वाहतो आणि पोर्ट जळतात.

तपासायला मल्टिमीटर पुरतो, पण हात सवयीचा नसेल तर वायरमनलाच बोलवा. फेज आणि अर्थिंगच्या मध्ये जवळजवळ तेवढेच व्होल्ट दिसले पाहिजेत जेवढे फेज आणि न्यूट्रलमध्ये दिसतात, आणि न्यूट्रल ते अर्थिंग दोन-तीन व्होल्टच्या आत. आधी साधी गोष्ट बघा, थ्री पिनला टू पिनचं कन्व्हर्टर तर लावलं नाहीये ना, किंवा स्वस्तातला एक्स्टेंशन बोर्ड ज्यात तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. खेड्यातल्या घरात अर्थिंगचा खड्डा असतो पण उन्हाळ्यात कोरडा पडतो, तुमच्याकडचा उन्हाळा काय असतो ते तुम्हाला सांगायला नको, खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावं लागतं.

परवानाधारक वायरमनकडून नवीन अर्थिंग करून घ्या आणि सोबत मेन बोर्डाला ३० मिलिॲम्पचा आरसीसीबी बसवा, तो अंगातून करंट जायला लागला की क्षणात लाइन तोडतो. आणि एक हात जोडून सांगतो, काही जण खड्ड्याचा खर्च नको म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रलची तार अर्थिंगच्या पिनेला जोडून देतात, झिणझिण्या थांबतात, गिऱ्हाईक खूश. पण पुढे न्यूट्रल कुठे तुटला की पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटवर येतात. तसं केलेलं असेल तर आजच काढायला लावा. कार्ड सहा महिने उशिरा घ्या, चालेल, पण हे आधी. घरातला फ्रिज, गिझर, वॉशिंग मशीन सगळ्यांनाच याचा उपयोग आहे.

आता यूपीएस. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नाही, त्या आकाराचे यूपीएस साधारण ३६० वॅटचे असतात, आणि गेम चालू असताना पीसी अधिक मॉनिटर मिळून त्याच्या आसपास गेलं की तो हात टेकतो. १ केव्हीएच्या पुढचा घ्या, ६०० वॅट लिहिलेला. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर तो प्युअर साइन वेव्ह आहे का विचारा, स्क्वेअर वेव्हवर आजकालच्या चांगल्या एसएमपीएस कुरकुर करतात, कधी बंदच पडतात.

प्रश्न : माझा मुलगा दहावी पास झाला, गेमिंग पीसीसाठी एक लाख मागतोय. मित्रांबरोबर व्हॅलोरंट आणि माइनक्राफ्ट खेळतो. अकरावीचा अभ्यासही त्यावर करणार म्हणतो. मला यातलं काही कळत नाही, एवढे पैसे खरंच लागतात का? (एक आई, नाशिक)

उत्तर : नाही लागत ताई. हे दोन्ही गेम हलके आहेत आणि तुमच्या मुलासाठी मी ग्राफिक्स कार्ड आत्ता घेऊच नका म्हणेन. रायझन ५ ५६००जी नावाचा प्रोसेसर आहे, शेवटचा ‘जी’ महत्त्वाचा, त्यात चित्र काढणारा भाग आतच असतो. नुसता ५६०० घेतला तर तो प्रोसेसर म्हणून अधिक चांगला, पण कार्डाशिवाय स्क्रीन काळीच राहील. ५६००जी, बी५५० बोर्ड, ८-८ च्या दोन रॅम (इथे दोन असणं फारच गरजेचं, कारण चित्राचं काम याच रॅममधून होतं), ५०० जीबीची एनव्हीएमई आणि ५५० वॅटची चांगली एसएमपीएस. एसएमपीएस आत्ताच मोठी घ्यायची म्हणजे बारावीनंतर कार्ड टाकायचं ठरलं तर बाकी काही बदलायला नको. हे सगळं मॉनिटर, कीबोर्ड धरून लाखाच्या बरंच खाली बसतं.

मुलगा म्हणेल हा प्रोसेसर जुन्या सॉकेटचा आहे, एएम५ वर जाऊया. त्याचं म्हणणं चूक नाही, एएम५ ला पुढे नवे प्रोसेसर येत राहतील. पण त्याला डीडीआर५ च लागते आणि रॅमचे आजचे भाव बघता तो फरक तुमच्या खिशाला जाणवेल. त्याला हे कागदावर मांडून दाखवा, समजेल तो.

आणि त्याला सोबत घेऊनच खरेदीला जा. मुंबईला येणं होत असेल तर ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडवर एकाच यादीचे चार दुकानांत भाव विचारा, नाशिकमध्येच घेतलंत तरी दोन ठिकाणी विचारा. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा, १८ टक्के जीएसटी वाचतो पण वॉरंटीला गेल्यावर बिल मागतात. बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या, बिल तुमच्या नावावर घ्या, आणि कार्ड-बोर्डाचे रिकामे खोके वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवून द्या.